पंधरा पावलांचा उशीर

"काकू, आधी मोजायचं, मग हलवायचं." कौस्तुभ जाताना एवढंच सांगून गेला.

आयटीतला हा मुलगा मुठा गावातल्या आमच्या घराच्या वरच्या खोलीत तीन वर्षं भाड्यानं राहिला. रेकॉर्डिंगचा नाद होता त्याला. बंगळूरला बदली झाली तेव्हा कंप्युटर, माईक, हेडफोन, ऑक्टोपॅड सगळं माझ्या स्वाधीन केलं. "तुम्हाला कान आहे," म्हणाला. तेव्हापासून आसपासच्या भजनी मंडळांची रेकॉर्डिंगं मीच करते. पहिलं मात्र बिघडवलं होतं. पडद्यावर जे जे सूर-ठोके तालाच्या रेषेमागं दिसले ते ते नुसत्या डोळ्यानं ओढून रेषेवर बसवले. मंडळातल्या जयाबाई ऐकून म्हणाल्या, "उज्वला, आमचं भजन कवायतीला कधी लागलं गं?" त्यानंतर मी मोजल्याशिवाय काही हलवलं नाही.

दिवाळी उरकली आणि भागूमावशी आल्या. त्या धनगर, मेंढरांचा कळप आहे त्यांचा. दर रविवारी त्या माळावरच्या सिद्धनाथापुढं ओवी म्हणतात, त्यांचा मुलगा सिद्धू ढोल वाजवतो. दिवाळीनंतर कळप ताम्हिणी उतरून कोकणात जातो तो ज्येष्ठाच्या तोंडावर परत येतो. इतकी वर्षं त्यांची थोरली जाऊ गंगूबाई मागं राहायची आणि नाथाची ओवी चालू ठेवायची. यंदा आषाढात ती गेली.

"सात म्हयने नाथाचे कान उपाशी ऱ्हातील," मावशी म्हणाल्या. "तुज्या त्या डब्यात माजी ओवी भर, आन् दर ऐतवारी त्याला ऐकव. करशील?"

"करेन, मावशी."

"पर येकदाच म्हननार मी. देवाची ओवी मधी तोडत न्हाईत, आन् लगीच दुसऱ्यांदा म्हनत न्हाईत. त्याला उठवायचं, निजवायचं, परत उठवायचं, ही काय थट्टा हाय?"

म्हणजे दुसरी संधी नाही. त्या निघणार शनिवारी पहाटे. शुक्रवारी सकाळी जे भरलं जाईल तेच नाथाला सात महिने ऐकावं लागणार. मी त्यांना शुक्रवारी आठला बोलावलं.

मायलेक साडेसातलाच हजर. माझा अध्याय व्हायचा होता. आंघोळीपासून रोजचा अध्याय संपेपर्यंत मी बोलत नाही. हातानंच वरच्या खोलीत बसा म्हटलं आणि तिथल्याच देवघरापुढं पोथी उघडली.

ढोल आणू नका असं आधीच सांगितलं होतं. दहा बाय बाराच्या खोलीत खरा ढोल वाजला तर मावशींचा आवाज त्याखाली गाडला जाईल. सिद्धूच्याच ढोलाचे ठोके मी दोन दिवसांपूर्वी अंगणात भरून घेतले होते. आता त्यानं ऑक्टोपॅडच्या रबरी चौकोनावर काठी मारायची, कंप्युटरनं त्याचा ढोल ऐकवायचा. ठोक्याची नोंद आणि मावशींचा आवाज शेजारी-शेजारी भरले जाणार.

मी वाचत होते तोवर सिद्धूनं मांडून ठेवलेला हेडफोन चढवला, काठी मारली. पुन्हा मारली.

"आये, ह्यो ढोल आळशी हाय. मी मारतुया हितं, आन् ह्यो बोलतोय मागनं. उरवड्याच्या कंपनीतला सायेब जणू. हाक मारली की मंग खुर्चीतनं उठतोय."

"गप रं. तिचा नेम चाललाय."

"तिचा नेम हाय, तुजा नेम हाय. मेंढरांनी कुनाकडं बगायचं? उद्या पहाटं निघायचंय."

"तू बग त्यांच्याकडं. तुज्यात नि त्यांच्यात काय लई फरक न्हाई."

मला हसू आलं, ते आवरून शेवटच्या ओळी वाचल्या, पोथी बांधली, नमस्कार केला आणि म्हटलं, "सिद्धूभाऊ, आळस ढोलाचा नाही, कंप्युटरचा आहे. तो आवाज ओंजळीनं उचलतो. ओंजळ मोठी असली की भरायला वेळ लागतो, आणि भरल्याशिवाय तो ओतत नाही."

"मंग बारकी करा की ओंजळ."

"तेच करतेय."

सॉफ्टवेअरमध्ये त्या ओंजळीला आकडा असतो. एक हजार चोवीस होता, एकशे अठ्ठावीसवर आणला. ठोका काठीबरोबर आला, पण मागं तडतड सुरू झाली. ओंजळ इतकी लहान की कंप्युटरची धांदल उडाली. इंटरनेट बंद केलं, आवाजाला लावलेला घुमारा काढला, आकडा दोनशे छप्पन्नवर ठेवला. तडतड गेली.

"आत्ता!" सिद्धू म्हणाला. "आत्ता सायेब जागा झाला."

हे झालं कानातलं. भरलेला आवाज पडद्यावर कुठं बसतो ते वेगळं. एक वायर घेतली, आवाज बाहेर पडतो तिथून जिथून आत येतो तिथं जोडली. कंप्युटरला एक 'टक' वाजवायला लावलं आणि त्यालाच ते परत भरायला लावलं. दुसरं टक साडेआठ मिलिसेकंद मागं पडलं. तेवढा आकडा भरपाईच्या चौकटीत घातला, पुन्हा मोजलं. दोन्ही टक एकावर एक.

"मावशी, ओवी नको. दुसरं काहीतरी म्हणा. मेंढरं हाकायचं."

मावशींनी हेडफोन डोक्यावर चढवला, पदर सारखा केला आणि मेंढरांना पाण्यावर न्यायची हाळी दिली. सिद्धूनं ठेका धरला. मी पडद्याकडं पाहिलं. ढोल पुढं होता. मावशींच्या आवाजाच्या आधी तीस मिलिसेकंद. एखादा ठोका नाही, प्रत्येक.

"पोरा, घाई का करतुयास?" मावशी म्हणाल्या.

"म्या न्हाई केली. आता ढोलच लई शाना झालाय."

हात माऊसवर गेलाच होता. सगळा ढोल धरून मागं ओढायचा, काम संपलं. पण हात मी मागं घेतला. परत वायर लावली, परत टक मोजलं. एकावर एक. मशीन बरोबर होतं. मग ढोल पुढं का? सिद्धू तर लहानपणापासून वाजवतोय. हात चुकला असता तर कधी पुढं, कधी मागं गेला असता. हा नेमका तीसनंच चुकत होता. एवढ्या शिस्तीची चूक मी पाहिली नव्हती.

"सिद्धूभाऊ, माळावर तुम्ही कुठं उभे राहता?"

"बाभळीखाली."

"आणि मावशी?"

"आये नाथाच्या पायाशी. तितं सगळ्या बाया बसत्यात, मी मधी कुटं घुसू?"

"बाभूळ किती लांब?"

"पंधरा पावलं. बा लई वरडायचा माज्यावर. म्हनायचा, लांबच्या ढोल्यानं हात आदी टाकायचा, तवा ठोका नाथापाशी येळंवर पोचतोय. आता हात आपसूक पडतोय."

"चला अंगणात. पंधरा पावलं टाका."

"आता मला कवायत का?"

टाकली बिचाऱ्यानं. मी टेप धरला. साडेदहा मीटर. आवाजाला एक मीटर जायला जवळजवळ तीन मिलिसेकंद लागतात. तीस, वर एखादा. मी तुळशीपाशी उभी राहून मनातल्या मनात दोनदा गुणाकार केला. मशीन अचूक होतं, सिद्धूही अचूक होता. मधला माळ तेवढा माझ्या खोलीत नव्हता.

वर आले. सकाळभर उशीर काढत बसले होते, आता तेवढाच उशीर हातानं घातला. सिद्धूच्या कानात ठोका काठीबरोबर, मावशींच्या कानात तीस मिलिसेकंद उशिरा. पडद्यावरचा ढोलही तेवढाच मागं. या वेळी मोजून. पुन्हा हाळी द्यायला सांगितली.

दोन ओळी झाल्या नि मावशींनी डोळे मिटले. "आत्ता गेला बाभळीखाली," म्हणाल्या.

"मी हितंच हाय की, आये!"

"तू ऱ्हा तितंच. उज्वला, डबा चालू कर. म्हनते."

मी देवघरातल्या समईत तेल घातलं, दार लावलं आणि बटण दाबलं.

ओवी एकवीस मिनिटं चालली. नाथ कुठून आला, कोणत्या झाडाखाली बसला, कोणत्या मेंढीनं त्याला आधी ओळखलं. मधे रस्त्यावरून एक डंपर घरघरत गेला. सिद्धूनं माझ्याकडं पाहिलं, मी मान हलवली, त्याचा हात थांबला नाही. मावशींना डंपर ऐकूच गेला नसावा. शेवटच्या ओळीला त्यांचा आवाज फाटला आणि तसाच वर चढून टेकला. ठोका त्याच्याबरोबर पडला.

मावशींनी कनवटीचा भंडारा काढला आणि चिमूटभर पडद्याकडं नेला.

"मावशी, काचेला नको, टेबलाला लावा!"

"का? त्याला सोसत न्हाई व्हय?" असं म्हणून टेबलाला लावला, मग माझ्या कपाळाला.

"ऐकता का एकदा?"

"माज्यासाठी कुटं हाय ते?" त्या उठल्या. दारात थांबून म्हणाल्या, "ऐतवारी. उनं कलायच्या आदी."

"हो मावशी."

संध्याकाळी यजमानांना सगळं सांगितलं. कैलासराव हसले. "देव काय तीस मिलिसेकंद मोजत बसणार आहे?"

"तो कशाला मोजेल? मी मोजलेत."

"आणि तुझा तो ब्लूटूथचा स्पीकर? तोही उशिराच वाजतो ना?"

"वाजू दे. ढोलाला नि ओवीला सारखाच उशीर. बरोबरच पोचतील."

रविवारी अध्याय झाला, स्वयंपाक झाला. कैलासरावांना जेवायला वाढलं आणि मी ताटावर झाकण ठेवलं. नाथानं ऐकल्यावरच जेवायचं असं मनाशी धरलं होतं. ऊन अंगणातून निम्मं सरकलं. स्पीकर चार्ज झाला होता. तो धुतलेल्या पंचात गुंडाळून पिशवीत ठेवला, वर नारळ ठेवला. यजमानांचा डोळा लागला होता, त्यांना उठवलं नाही. दार हळू ओढून घेतलं आणि माळाच्या वाटेला लागले.