एल्डर व्हिटेकरची भवानी

जपानमधल्या ओजिमाच्या त्या चौदा मजली इमारतीत भरदुपारी बेल वाजली की घराघरांतली माणसं श्वास रोखून बसत. टीव्हीचा आवाज बारीक होई, कुकरची शिट्टीसुद्धा जरा दबकत वाजे. दाराबाहेर दोन तरुण उभे असत. पांढरा शर्ट, गळ्याला टाय, छातीवर काळी पाटी, काखेत सायकलचं हेल्मेट. एक उंच अमेरिकन, दुसरा अबोल जपानी. मॉर्मन पंथाचा प्रचार करत ते दारोदार फिरत.

जपानी शेजारीण साखळी न काढता दार बोटभर उघडी आणि अतिशय अदबीनं म्हणे, "कान्गाएते ओकिमासु." म्हणजे विचार करून ठेवते. तो विचार एकदा ठेवला की पुन्हा कुणी बाहेर काढत नसे. त्याच इमारतीतल्या मराठी शेजारणींची तऱ्हा निराळी नव्हती. मिस्टरांना विचारून सांगते, सध्या मुलांच्या परीक्षा आहेत, दिवाळीनंतर नक्की बघू. ख्रिसमसच्या दिवसांत कुणी 'दिवाळीनंतर' म्हटलं, तर दिवाळी किती लांब आहे हे त्या बिचाऱ्या अमेरिकनानं कुणाला विचारावं?

सुमनताईंना मात्र कुणाच्या तोंडावर दार लावता येत नसे. त्यांचे दिवंगत यजमान विजयकुमार सांगलीत विम्याचे एजंट होते. ते गल्लीत शिरले की भली भली माणसं मागच्या दारानं बाजारात जात. संध्याकाळी घरी आल्यावर ते बॅग कोपऱ्यात ठेवत, त्या आवाजावरून सुमनताईंना दिवस कसा गेला ते कळायचं. धंद्याच्या सुरुवातीला किती तरी महिने त्यांची भवानीच होईना. शेवटी तासगावच्या गुणवंत मास्तरांनी पहिली पॉलिसी घेतली, तेव्हा यजमान पेढे घेऊन आले होते.

म्हणून मुलाकडे जपानला आल्यावर पहिल्यांदा ही बेल वाजली, तेव्हा त्यांनी दार सताड उघडलं आणि टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कमावलेल्या इंग्रजीत म्हणाल्या, आत या.

उंच मुलगा कानापर्यंत लाल झाला. घरात पुरुषमाणूस आहे का, त्यानं विचारलं. नसेल तर बाईमाणसाच्या घरात शिरायची त्यांना परवानगी नव्हती. सुमनताईंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या गुडघ्यांना बांधलेल्या पट्ट्यांकडे. पंच्याहत्तरी उलटल्यावर आपल्यापासून कुणाच्या तरी व्रताला धोका आहे, या कल्पनेनं त्यांना इतकं बरं वाटलं की त्या दिवशी त्यांनी ठेवणीतली साडी नेसूनच खाली जायचं ठरवलं.

तेव्हापासून इमारतीखालच्या बाकावर बैठक बसू लागली. उंच मुलगा, व्हिटेकर, विशीतला होता, तरी त्याला एल्डर, म्हणजे वडीलधारा, म्हणायचं असा त्यांच्या पंथाचा रिवाज. सुमनताई म्हणाल्या, मग मला आजी म्हण, हिशेब बरोबर होईल. तो "आजी-सान" म्हणू लागला. जपानी सोबती नाकामुरा दोघांची हेल्मेटं मांडीवर घेऊन बसे आणि शेंगदाण्याचे लाडू निमूटपणे संपवी.

चहा त्यांना वर्ज्य होता. काळा नाही, दुधाचा नाही, जपानचा हिरवासुद्धा नाही. सुमनताईंना उपासाचं वावडं नव्हतं. जन्मभर त्यांनी सोमवार, संकष्ट्या, हरतालिका केल्या होत्या. पण चहा चालत नाही आणि गोमांस चालतं, हा उपास कुठल्या पंचांगात बसवायचा ते त्यांना उमगेना. शेवटी त्यांनी कोकमाच्या आगळाचं सरबत करून आणलं. ते मात्र व्हिटेकरच्या नियमांचं पुस्तक लिहिणाऱ्या कुणाला सुचलं नव्हतं, त्यामुळे चाललं.

हळूहळू मुलगा बोलता झाला. दोन वर्षांची सेवा संपत आली होती, महिनाअखेरीस तो घरी परतणार होता. इतक्या दिवसांत त्याच्या हातून एकाचाही बाप्तिस्मा झाला नव्हता. पावसात भिजला, सायकल दोनदा पडली, फुकट इंग्रजी शिकवलं. शिकायला सगळे आले आणि देवाचं नाव निघताच सगळ्यांना ट्रेन गाठायची होती. गावी त्याची आई स्वागताचा मोठा कार्यक्रम करणार होती. तिथे मंचावर उभं राहून दोन वर्षांत काय केलं ते सांगायचं.

"मी काय सांगू, आजी-सान?" तो म्हणाला. "जपानमध्ये कचरा वेगळा करायला शिकलो?"

भवानीवाचून मुलगा घरी परत जाणार. सुमनताईंनी तिथल्या तिथे विचारलं, बाप्तिस्मा म्हणजे नक्की काय करायचं असतं? पांढरे कपडे घालायचे आणि पाण्यात पूर्ण बुडी मारायची. एवढंच? नाशिकला त्या किती वेळा बुडल्या होत्या, तिथे तर पाण्याचा रंगही बघायचा नसतो. त्यांनी येत्या रविवारचं कबूल करून टाकलं. व्हिटेकरनं टायची गाठ तीनदा सैल केली आणि तीनदा घट्ट केली.

त्यानं दिलेलं येशूचं चित्र सुमनताईंनी देव्हाऱ्यात गणपती आणि दत्ताच्या मधे ठेवलं, कुंकू लावलं आणि गुळाचा खडा ठेवला. पाहुणा लांबून आला होता.

संध्याकाळी ऑफिसातून आलेल्या सुनेनं, केतकीनं, ते पाहिलं आणि लॅपटॉपची बॅग खांद्यावरून न काढता खाली बसली.

"आई, तुम्ही काय कमिट करून बसलाय? हे कन्व्हर्जन आहे."

"अगं, एक बुडी आहे. गरम पाणी असतं म्हणे."

"आणि चहा? कायमचा सोडावा लागतो. मी गुगल केलंय."

सुमनताई म्हणाल्या की घरात कोण बघायला येतंय, त्या मुलांना तर आत यायचीच परवानगी नाही.

शनिवारी दुपारी बाकावर व्हिटेकरनं तयारी करून घेतली. दुसऱ्या दिवशी पंथातले मोठे लोक हेच प्रश्न विचारणार होते. देव आहे असं मानता? सुमनताईंनी भराभर मान हलवली, कुठल्याही देवाला नाही म्हणायचा त्यांचा स्वभाव नव्हता. चहा सोडाल? त्यांनी थर्मास पदराखाली सरकवला आणि हो म्हणाल्या. शेवटी त्यानं सगळ्यात मोठी गोष्ट सांगितली. त्यांच्या पंथात कुटुंब मेल्यानंतरही तुटत नाही. नवरा, बायको, सगळे अनंतकाळ एकत्र.

"सगळे म्हणजे?" सुमनताईंनी विचारलं. "सासूबाईसुद्धा?"

"अर्थात." त्याचा चेहरा उजळला.

सुमनताईंनी वर्षानुवर्षं वडाला फेऱ्या मारल्या होत्या. पण तो करार सात जन्मांचा. हा बहुधा सातवाच असावा असा त्यांचा अंदाज होता, आणि त्या अंदाजावर त्यांनी बरंच काही सोसलं होतं. अनंतकाळ स्वयंपाकघरात सासूबाईंच्या नजरेखाली कांदा चिरायचा? नाही म्हणायला हे कारण पुरेसं होतं, पण त्या थांबल्या त्याचं कारण दुसरंच होतं.

व्हिटेकरचा तो उजळलेला चेहरा. पेढ्यांचा पुडा घेऊन दारात उभ्या राहिलेल्या यजमानांचा चेहरा असाच होता. त्यानंतर गुणवंत मास्तरांनी दुसरा हप्ता भरलाच नाही. बाजारात गाठ पडली तेव्हा ते हसून म्हणाले, अहो, तुमचं तोंड बघवेना म्हणून घेतली होती. त्या रात्री यजमान जेवले नाहीत. मास्तर तेव्हाच नाही म्हणाले असते, तर मी पुढच्या घरी गेलो असतो, ते म्हणाले. आता कुणी हो म्हटलं तरी वाटणार, हाही दयाच करतोय.

सुमनताईंनी पदराखालून थर्मास काढला, झाकणात चहा ओतला आणि त्याच्यासमोर एक घोट घेतला.

"नाही, बाळ. मी उद्या येणार नाही. नंतरही येणार नाही. मला तुझी दया आली म्हणून हो म्हटलं होतं. तुझा धर्म मला नको आहे."

नाकामुरानं लाडू खाली ठेवला. मग व्हिटेकर हसायला लागला, आधी थोडं, मग बाक हलून नाकामुराच्या मांडीवरचं हेल्मेट पडेपर्यंत.

"दोन वर्षांत कुणी मला तोंडावर 'नाही' म्हटलेलं नाही," तो डोळे पुसत म्हणाला. "तुम्ही पहिल्या."

मग त्यानं प्रश्नांचं पुस्तक बंद केलं आणि विचारलं, दया कशासाठी आली? सुमनताईंनी त्याला यजमानांची सगळी गोष्ट सांगितली, मास्तरांसकट. तो पहिल्यांदाच काही विकायचं नसल्यासारखा ऐकत होता.

जायच्या आदल्या दिवशी तो निरोप घ्यायला आला. सुमनताईंनी लाडवांचा डबा दिला आणि मनापासून म्हणाल्या, सांगलीला माझ्या घरी ये, चांगला महिनाभर राहा. घरात पुरुषमाणूस असेल असं बघते.

व्हिटेकरनं कमरेत वाकून जपानी नमस्कार केला.

"कान्गाएते ओकिमासु," तो जपानी शेजारणीच्या अदबीनं म्हणाला.