तलावात अडकलेली बोट

मित्रांनो, मी एक जुना पितळी पंखा आहे. छताचा नव्हे, रिमोटवर चालणाऱ्या हातभर बोटीच्या मागे, पाण्याखाली फिरणारा. मला दोनच पाती आहेत आणि मी तुमच्या मुठीत सहज मावतो.

नागपूरच्या दुकानातून मला श्यामलालजींनी आणलं, तेव्हा मी अगदी ओबडधोबड होतो. गोंदियाच्या बाजारात त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. लोक मोबाइलमध्ये वेळ पाहू लागले आणि त्यांचे हात रिकामे पडले. त्या रिकामपणात त्यांनी सागाची एक बोट बनवली.

डोळ्याला भिंग लावून, बारीक कानशीने ते माझ्या कडांना धार देत. धार असली की पाणी सहज कापलं जातं. मग माझ्या मधल्या भोकातून तार ओवून ती दाढीच्या दोन उभ्या ब्लेडांवर ठेवत. जड पातं खाली झुके. तेवढंच पाठीमागून घासायचं आणि पुन्हा ठेवायचं. मी कुठेच झुकलो नाही, की तोल जमला. तोल नसला तर अख्खी बोट थरथरते.

पण पन्नाशीच्या माणसाने खेळणं घासत बसावं, याची त्यांच्या पत्नीला, शामकलाबाईंना, लाज वाटे. "बाया विचारतात, तुमच्या घरचे काय करून राहिले? मी काय सांगू त्याहिले?" असं त्या म्हणत. गिऱ्हाईक आलं की श्यामलालजी मला चटकन घड्याळांच्या जुन्या तबकड्यांखाली सारत. मित्रांनो, कोणी सतत लपवू लागलं की आपण लपवण्यासारखेच आहोत असं वाटू लागतं. मलाही तसंच वाटू लागलं.

२००६च्या हिवाळ्यात दोघं अर्जुनी मोरगावकडे, शामकलाबाईंच्या माहेरी गेले. त्यांचा भाऊ उदाराम थट्टेखोर. चारचौघांत तो म्हणाला, "भाऊजी, आणली ना बोट? मंग तलावावर दाखवा साऱ्याहिले." शामकलाबाईंनी मान खाली घातली.

श्यामलालजी गोठ्यामागे जाऊन मला घाईघाईने धार लावू लागले. एक पातं झालं, दुसरं अर्धंच झालं, तेवढ्यात हाक आली. तोल न पाहताच त्यांनी मला बोटीला बसवलं.

तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, अर्धं गाव जमलं होतं. बोट निघाली आणि मी थरथरू लागलो. त्या थरथरीने मला मोटरच्या दांड्याला धरून ठेवणारा स्क्रू ढिला झाला. मोटर आत घुरघुरत राहिली आणि मी मात्र निपचित. बोट पाण्यात अडकली. लोक हसू लागले.

"आता इले ढकलाले कोण जाईन, भाऊजी?" उदाराम म्हणाला.

श्यामलालजी हातातल्या रिमोटकडे पाहत उभे राहिले. माझ्यामुळे एक माणूस सासुरवाडीसमोर इतका लहान झाला होता. तलावाच्या तळाशीच जाऊन बसावं, असं मला वाटलं.

तेवढ्यात शामकलाबाईंनी पदर खोचला आणि त्या पाण्यात उतरल्या. गुडघा, मग कंबर.

"अवो बाई, तू कायले उतरून राहिली?" उदाराम ओरडला.

"आमच्या घरची बोट हाय," त्या मागे न पाहता म्हणाल्या, "आमीच आणू."

बोट उराशी धरून त्या परत आल्या. ओल्या लुगड्यानिशी पाळीवरच बसल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "आता इथंच करा. लपून कायले करता?" श्यामलालजींनी खिशातून कानस आणि ब्लेडं काढली. ब्लेडांवर मी वाऱ्याने हलू नये, म्हणून त्या वाऱ्याच्या बाजूला सरकून बसल्या. थंडीने त्यांचे दात वाजत होते. श्यामलालजींनी अर्धं राहिलेलं पातं सगळ्यांदेखत घासलं, तोल जमवला, स्क्रू आवळला.

बोट सरळ गेली आणि सरळ परत आली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण हसलंही नाही. मला मात्र माझ्यापायी भिजलेल्या त्या लुगड्याकडे पाहवत नव्हतं.

पुढे श्यामलालजींची नजर अधू झाली. बोटीचं लाकूड कुजलं. आता मी गोंदियाजवळ फुलचूरच्या त्यांच्या घरात एका खिळ्याला टांगलेला असतो, हिरवट पडलेला.

मित्रांनो, कोणी जीव लावून काही करत असेल, तर त्याला ते चोरून करायला लावू नका. घाईत आणि लपून केलेल्या कामाचा तोल जातो. त्या दिवशी शामकलाबाईंना लाज वाटली नाही, असं समजू नका. त्यांचे कान लाल झालेले मी जवळून पाहिले आहेत. लाज वाटतच होती, तरी त्या पाण्यात उतरल्या.