स्कोपबाहेरची खोली

कंपनीचा धंदा लोकांची माहिती सांभाळण्याचा होता. दवाखाने, शाळा, विमावाले आपापली माहिती कंपनीच्या यंत्रांवर भाड्याने ठेवत, आणि जाहिरातीत ह्या सोयीला ‘क्लाउड’ म्हणत. लोकांना वाटे, आपली माहिती वर कुठेतरी तरंगते आहे. ती दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या डाव्या हाताला होती. तिथे क्लाउडच्या दोन खोल्या होत्या: एक पाहुण्यांना दाखवायची, एक न दाखवायची.

दाखवायच्या खोलीला काचेचं दार होतं, बोटाचा ठसा घेतल्याशिवाय न उघडणारं कुलूप होतं, आणि फरशी अशी की तीत बघून भांग पाडावा. न दाखवायच्या खोलीत जुनी यंत्रं होती. ती इतकी तापत, की दार लावायची सोय नव्हती. एक मोडकी खुर्ची दारात घालून ते कायम उघडं ठेवलेलं असे आणि उंबऱ्यात टेबलफॅन घुमत असे. तिथली हवा चांगली कोरडी, म्हणून पावसाळी दिवसांत सगळा मजला आपल्या ओल्या छत्र्या तिथेच वाळत घाली.

आता ह्या कंपनीकडे सुरक्षेचं प्रमाणपत्र होतं, आणि ते खोटं नव्हतं. गोम अशी, की परीक्षकाने कुठली जागा तपासायची ते कंपनीनेच लिहून द्यायचं. त्याला म्हणतात स्कोप. म्हणजे विद्यार्थ्यानेच अभ्यासक्रम ठरवायचा, अवघड धडा वगळायचा, आणि पहिला नंबर आला म्हणून पेढे मागायचे. कंपनीच्या स्कोपमध्ये काचेची खोली होती. प्रमाणपत्र मात्र स्वागतकक्षात अशा चौकटीत लावलं होतं, की सगळी इमारतच पवित्र वाटावी.

ह्या स्कोपखाली सही लागायची ती सुरक्षा अधिकाऱ्याची. जुने अधिकारी सही करून करून निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेल्या बाईंना सहा महिन्यांत ऑफिसने नाव पाडलं: नकारघंटा. बाईंना ते ठाऊक होतं. घंटा वाजली नाही तर ती ठेवायची कशाला, एवढंच त्यांचं म्हणणं.

प्रमाणपत्र दर वर्षी परीक्षा देऊन नवं करून घ्यावं लागे. ह्या वर्षीची परीक्षा तोंडावर आली तेव्हा बाई एकदा छत्री शोधत त्या न दाखवायच्या खोलीत शिरल्या. यंत्रांना वारा घालणारा, एसी बघणारा मेकॅनिक आत होता. त्याला सगळे थंड्या म्हणत. समोरच्या पडद्यावर एका मनोविकार दवाखान्याचं नाव होतं आणि त्याखाली रुग्णांच्या फायलींची रांग. पासवर्ड वगैरे काही नाही. बाईंनी झटकन पडदा बंद केला. त्या दवाखान्यात त्यांची धाकटी बहीण दोन वर्षं जात होती. बरी झाल्यावर तिने अर्ज केला होता, की माझी माहिती पुसून टाका. कायद्याने तिचा तो हक्क होता. दवाखान्याने अर्ज कंपनीकडे पाठवला, आणि कंपनीने ‘पुसली’ असं कळवलं होतं.

“थंड्या, पुसायचे अर्ज येतात, ते इथवर पोचतात का रे?”

“इथे कशाला येतील मॅडम? समोरच्या खोलीतलं पुसतात की. ही जुनी प्रत आहे. हिला कुणी हात लावत नाही, लावला तर काय बंद पडेल ते देवालाच ठाऊक. आणि ही खोली कुठे स्कोपमध्ये आहे?”

त्याच्या बोलण्यात लबाडी औषधालाही नव्हती. एखाद्या गावाला नदी नाही हे जसं सांगावं, तसं त्याने सांगितलं.

बाई तडक साहेबांकडे गेल्या. साहेबांचं टोपणनाव ‘होऊन जाईल’. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि बिस्किटांची बशी पुढे सरकवली.

“मॅडम, झाकली मूठ सव्वा लाखाची. आपण काय खोटं बोलतोय का? स्कोपमध्ये जे आहे ते चोख आहे.”

“आणि स्कोपबाहेर लोकांची आजारपणं उघड्यावर पडलीत.”

“उघड्यावर कुठे? खोलीला दार आहे.”

“दारात खुर्ची आहे, साहेब.”

“ती परीक्षेच्या दिवशी काढू. होऊन जाईल!” साहेब हसले, मग जरा पुढे वाकून म्हणाले, “हे बघा, सगळ्या सरकारी दवाखान्यांचं काम आपल्याला मिळतंय. ह्या वर्षीच्या प्रमाणपत्राचीच काय ती वाट बघताहेत. तुमची एक सही. एवढ्यातेवढ्यावरून घोडं अडवू नका. नाहीतर सही करणारा दुसरा माणूस शोधावा लागेल.”

“सगळ्या दवाखान्यांचं?” बाईंनी विचारलं.

“सगळ्या!” साहेबांना वाटलं, बाई खूश झाल्या.

परीक्षेच्या दिवशी सकाळी धाकटीचा फोन आला. नवीन नोकरीचा तिचा पहिलाच आठवडा होता.

“ताई, एक विचारू? तुमच्याकडे पुसतात म्हणजे खरंच पुसतात ना गं? का आपलं शाळेतल्या फळ्यासारखं, तिरकं बघितलं की दिसतं?”

“का विचारतेस?”

“काही नाही गं. इथे सगळे मला शहाणी समजतात. म्हटलं, राहू दे त्यांचा समज.”

नेहमीसारखी ती स्वतःच हसली. बाई म्हणाल्या, “संध्याकाळी सांगते,” आणि ऑफिसात गेल्या.

खुर्ची निघाली होती. छत्र्या निघाल्या होत्या. दार लावून त्यावर हसऱ्या ढगाचं चित्र चिकटवलं होतं. परीक्षक काचेच्या खोलीपुढे उभा होता. सडपातळ, सभ्य माणूस, बोलताना प्रत्येक शब्द आधी तपासून घेणारा. बोटाचा ठसा बघून त्याने मान डोलावली, कॅमेरे बघून मान डोलावली, फरशी बघून नकळत केसांवरून हात फिरवला.

तेवढ्यात थंड्या साहेबांच्या कानाशी लागला. “साहेब, दार उघडू का? आत शिजताहेत यंत्रं.”

“पाहुणे जाऊ देत. होऊन जाईल.”

आणि हसऱ्या ढगामागून टिटिट टिटिट असा आवाज सुरू झाला.

“तिकडे काय आहे?” परीक्षकाने विचारलं.

“अडगळ हो,” साहेब म्हणाले. “झाडू, बादल्या.”

आवाज वाढला. परीक्षक क्षणभर दाराकडे बघत राहिला.

“बादल्या वाजताहेत,” तो म्हणाला. मग हातातला गेल्या वर्षीचा नकाशा बघून त्याने सुटकेचा श्वास टाकला. “पण ती जागा स्कोपमध्ये नाही. म्हणजे मी ऐकलं नाही.”

डोळ्यांवर कातडं ओढणारी माणसं बाईंनी पुष्कळ पाहिली होती. कानांवर ओढणारा हा पहिलाच. दोष त्याचाही नव्हता. चौकटीबाहेर बघायला त्याला मनाईच होती.

सगळे मीटिंगच्या खोलीत बसले. कॉफी आली. साहेबांनी स्कोपचा कागद आणि मजल्याचा नकाशा बाईंपुढे ठेवला, स्वतःच्या पेनाचं टोपण काढून पेन हातात दिलं. नकाशावर काचेच्या खोलीभोवती लाल रेघ होती. जुने अधिकारी रेघ फार नेटकी मारत.

बाईंनी पेन घेतलं. लाल रेघेच्या कोपऱ्यातून नवी रेघ काढली, ती जिन्यावरून, बोळातून नेऊन हसऱ्या ढगाच्या खोलीला पूर्ण वळसा घालून परत आणली. रेघ काही सरळ आली नाही. खाली सही केली आणि नकाशा परीक्षकासमोर सरकवला.

“आता आहे स्कोपमध्ये. चला, बादल्या बघू.”

साहेबांच्या हातातलं बिस्किट कॉफीत पडलं. “मॅडम! हा बदल मला मान्य नाही!”

“तुमची मान्यता कुठे लागते?” बाईंनी परीक्षकाकडे बघितलं. “लागते का हो?”

परीक्षकाने कागद उलटसुलट वाचला. “स्कोप सुरक्षा अधिकारी ठरवतात,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात पहिल्यांदाच थोडा जीव आला होता.

“मग उद्यापासून तुम्ही सुरक्षा अधिकारी नाही!” साहेब कडाडले.

“उद्याचं उद्या. आज आहे. आणि माझ्या जागी येणाऱ्याला ही रेघ खोडायची असेल, तर का खोडली ते ह्यांना लेखी द्यावं लागेल. थंड्या, दार उघड.”

थंड्या ह्या हुकमाची वाटच बघत होता. दार उघडलं तशी भट्टीसारखी झळ अंगावर आली. घाईत राहिलेली एक छत्री आत उघडीच पडली होती. पलीकडे पडदा चालू होता आणि दवाखान्याचं नाव तिथून वाचता येत होतं.

परीक्षकाने चष्मा पुसला, वही उघडली. “इथे कुणाकुणाला प्रवेश आहे?”

“सगळ्यांना,” बाई म्हणाल्या. “छत्री असली म्हणजे झालं.”

तो लिहू लागला. बराच वेळ लिहीत होता. ‘हे पुसेपर्यंत प्रमाणपत्र नाही’ एवढं एक वाक्य त्याने साहेबांना मोठ्याने वाचून दाखवलं. साहेब म्हणाले, होऊन जाईल. पण ह्या खेपेला ते कुणाला म्हणाले ते कळलं नाही.

बाईंनी कोपऱ्यातली मोडकी खुर्ची ओढून दारात घातली आणि तिच्यावर बसून धाकटीला फोन लावला.

“नाही पुसलेलं,” त्या म्हणाल्या. “पुसलं म्हणून कळवलं ते खोटं होतं. आता पुसावं लागेल.”

पलीकडून धाकटीने विचारलं, “आणि तुझी नोकरी गं?”

“ती बहुतेक पुसली.”

“खरंच, का फळ्यासारखी?”

“ते उद्या तिरकं बघून सांगते,” बाई म्हणाल्या, आणि थंड्याला पंखा जरा आपल्याकडे वळवायला सांगितला.