मधे कोण होतं?

शीत वाळून काचेसारखं झालं होतं. पान सत्त्याऐंशीच्या समासात, कागदाच्या एका चिंचोळ्या पट्टीखाली, नखाने टोकरलं तर निघेल न निघेल असं भाताचं एक शीत — आणि बकाराम फुंड्यांना पहिला राग आला तो पट्टीवरच्या प्रश्नाचा नव्हे, या शिताचा. संपादनाचं काम करणाऱ्या बाईच्या घरी गोंदाची बाटली नसावी? निवृत्तीनंतरची सहा वर्षं आत्मकथनाच्या ज्या हस्तलिखितावर घातली, त्याला ताटातलं शीत लावून चिठ्ठी डकवायची, पोरं पतंगाला लावतात तशी?… पण टोकरता टोकरता बोट आपोआप थांबलं. आई मामाला पाठवायची पाकिटं अशीच डकवायची. शीत अंगठ्याखाली दाबायची, वरून फुंकर घालायची, आणि पत्र बकारामनेच लिहिलेलं असे, तिने सांगितलेलं, त्याने ‘नीट करून’ लिहिलेलं.

ही तिसरी परीक्षार्थी. आयुष्यभर मराठी शिकवलेल्या माणसाने संपादकही परीक्षा घेऊनच निवडायचा, हे त्यांना इतकं स्वाभाविक वाटलं होतं की ‘वाटणी’ या पाचव्या प्रकरणाची वीस पानं तिघांना पाठवताना त्यांनी त्यांत मुद्दाम तीन चुका पेरल्या होत्या. पुण्याच्या गृहस्थांनी तिन्ही शोधल्या, पण त्यांच्या प्रत्येक लांब वाक्याचे चार तुकडे करून प्रत्येक तुकड्यावर पूर्णविराम ठोकला. नागपूरच्या प्राध्यापकांना एकही सापडली नाही. त्यांनी समासात अकरा ठिकाणी ‘व्वा!’ लिहिलं. मग गोंदियाच्या छापखानेवाल्याने नाव सुचवलं — दुर्गेश्वरी पटले, राहते फुलचूरला, घरूनच काम करते. तिने तीन चुकांपाशी तीन ठिपके ठेवले होते, शिसपेन्सिलीचे, पुसले तर मागमूस उरणार नाही इतके हलके. आणि चौथा ठिपका होता तो न पेरलेल्या चुकीपाशी. त्या चौथ्या ठिपक्यावर फुंडे सर तासभर मनापासून खूश होते. बाई सापडली, असं त्यांनी स्वतःशी म्हटलंही होतं. मग पान सत्त्याऐंशी उलटलं.

‘सर, भासऱ्यांशी आई समोरासमोर बोलत होत्या? मधे कोण होतं?’

“कायले पुटपुटून राहिले जी सकाळपासून?” शकुंतलाबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

“या बाईंना वाङ्मयीन सत्य आणि घरगुती चालीरीत यांतला फरक कळत नाही.”

“मंग तिच्याशी जाऊन भांडा. इथं छतावरच्या कवेलूले कायले आयकवता? आन् येतानी वांगे आणजा.”

मुर्रीहून फुलचूरला जाताना सायकलच्या कॅरिअरला त्यांनी सगळं हस्तलिखित बांधून घेतलं. तीनशे बारा पानं समोर ठेवली म्हणजे एका चिठ्ठीचं क्षुद्रत्व बाईंना आपोआप कळेल, आणि मग ते घेऊन परत यायचं. वाटेत प्रत्युत्तराचे मुद्दे रचले. एक — होय, भासऱ्यासमोर, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, सून येत नसे, बोलणं तर दूरच. हे लेखकाला ठाऊक आहे, किंबहुना म्हणूनच ती उभी राहते तो क्षण मोठा. दोन — ते चौदा ओळींचं वाक्य एकोणीस वेळा लिहून सिद्ध झालेलं आहे. विधवा आई स्वयंपाकघरातून बाहेर येते, ओसरीच्या मध्यावर उभी राहते, आणि खाटेवरचे मोठेबाबा, म्हणजे तिचे भासरे, व चार पंच यांच्यादेखत तलावाखालची बांधी, धानाचं खाचर, मागते, ती बांधी जिचे धुरे, मातीचे बांध, तिच्या नवऱ्याने… त्या वाक्यात एक क्रियापद असं अडवून धरलं होतं, की ते शेवटी सुटलं म्हणजे तलावाचं पाणी सोडल्यासारखं वाटावं. तीन — तिसरा मुद्दा रेल्वेफाटकापाशी हरवला. आईला ते उभं राहणं त्यांनी दिलं होतं; कुणी दिलं नाही ते दिलं होतं. हा मुद्दा नव्हता. हे बाईंना सांगण्यासारखं नव्हतं.

दुर्गेश्वरीबाई पडवीत पाटावर प्रुफं पसरून, ओळीखाली फूटपट्टी धरून वाचत होत्या. चाळिशीच्या, कानामागे पेन्सिल.

“या सर. आधी चहा, की आधी भांडण?”

“भांडण.”

“बसून भांडा. त्या खुर्चीचा एक पाय लंगडा आहे, सांभाळून.”

त्यांनी पहिला मुद्दा मांडला, दुसरा मांडला. बाईंनी मधे तोडलं नाही. मग म्हणाल्या, “वाक्य सुंदर आहे, सर. मी दोनदा मोठ्याने वाचलं. त्याला हात लावणार नाही. पण आमच्या देवरीकडे माझी आई जेठासमोर खांबाशी बोलायची. ‘खांबा, सांग त्यांना, बैल लंगडतो आहे.’ काकू गाईशी बोलायची. तुमच्याकडे कोण होतं? खांब?”

“नाही.”

“मग?”

समोरच्या अंगणात कोणीतरी धान वाळायला घातलं होतं आणि एक कोंबडी त्यात पाय ओढत चालली होती. फुंडे सर त्या पायांकडे पाहत राहिले. “मी होतो,” ते म्हणाले.

“किती वर्षांचे?”

“सात.”

बाईंनी फूटपट्टी एक ओळ खाली सरकवली. “निरोप नीट पोचला?”

“पानावर पोचला आहे.”

“ते मी वाचलं,” त्या म्हणाल्या, आणि चहा आणायला उठल्या.

…पाच पावलं होती. स्वयंपाकघराच्या दारापासून खाटेपर्यंत पाच, सातव्या वर्षाच्या पायांची. दाराआड आई, कपाळ मोकळं, तिचा हात त्याच्या मानेवर. “सांग मोठेबाबाले, तलावाखालची बांधी आमाले पायजे. तिचे धुरे माह्या मालकानं बांधले. नाई भेटली त मी वाटनीवर अंगठा देनार नाई. येवढंच सांग. जा.” एवढंच. चौदा ओळी नव्हत्या. पहिल्या पावलाला ते सगळं तोंडात होतं, तिसऱ्याला मोठेबाबांचे डोळे दिसले, लाल — भावासाठी रडलेले की उन्हाचे, ते आजही सांगता येत नाही — आणि पाचव्या पावलावर त्यांचा तंबाखूचा वास असलेला हात डोक्यावर आला. “काय म्हन्ते रे तुही माय?” हाच हात बाबा गेल्यावर त्याला मांडीवर घेऊन घास भरवत होता. त्या हाताला ‘अंगठा देनार नाई’ कसं सांगायचं? मग त्याने ते वाक्य नीट केलं. “आई म्हन्ते, तुमी द्याल ते.” पंचांनी माना हलवल्या, समजदार बाई हाय, म्हणाले. दाराआड आईने ते ऐकलं. ती त्याला पुन्हा पाठवू शकत होती. पाठवलं नाही. बरडाची जमीन आली, आणि पुढची पंधरा वर्षं आई लोकांच्या बांध्यांत कमरेतून वाकून रोवणी करत राहिली.

चहा आला. त्यात आलं जास्त होतं. दुर्गेश्वरीबाईंनी पुढे काही विचारलं नाही, आणि याबद्दल त्यांना त्यांचा इतका लोभ वाटला की वाद घालायला काहीतरी हवंच म्हणून ते म्हणाले, “निदान गोंद तरी वापरत जा.”

“गोंदाने कागद फाटतो, सर. शीत ओलं केलं की सुटतं.” मग कॅरिअरकडे पाहून, “बाकीचं ठेवून जाता, की नेता?”

“मी अजून ठरवलेलं नाही,” त्यांनी ताठपणे सांगितलं. आणि गठ्ठा सोडून, त्यातलं एकच पान, सत्त्याऐंशीवं, काढून, घडी घालून खिशात ठेवलं आणि बाकीची तीनशे अकरा पाटावर ठेवून ते निघाले. वांगी विसरले.

“वांगे?” शकुंतलाबाईंनी विचारलं. मग त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून, “बाई पसंत पडली का नाई?”

“उद्धट आहे.”

“म्हंजे पडली.”

‘माहा बकाराम लय गोड बोलते’ — आई हे शेवटपर्यंत सांगायची, शाळेत नोकरी लागली तेव्हा, लग्नाच्या बोलणीत, दवाखान्यातल्या नर्सलासुद्धा. आणि ऐकताना ते दर वेळी सुखावत आले होते. आज तेच वाक्य त्यांनी पुन्हा ऐकलं, एकेका शब्दावर थांबून, आणि त्यात अभिमान किती, क्षमा किती, आणि दुसरंही काही आहे का, हे त्यांना ठरवता येईना. समासात ठिपका ठेवावा अशी जागा होती. ठेवणारी नव्हती.

ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. ओसरीवर त्यांची स्वतःची खाट होती, रिकामी, वर दुपारचं वर्तमानपत्र. पाठीमागे शकुंतलाबाई वांग्यांवाचून काय करायचं याची बडबड करत होत्या. सांग मोठेबाबाले… त्यांनी खाटेकडे पहिलं पाऊल टाकलं. चौसष्टाव्या वर्षी ती पाच भरणार नाहीत, तीनच होतील. तोंडात आईचं तेच वाक्य होतं, आखूड, ओबडधोबड, एकाही ठिकाणी न अडणारं. आणि आयुष्यात प्रथमच एखादं वाक्य जिभेवर असताना त्यांना ते नीट करावंसं वाटत नव्हतं. फक्त ते सांडू नये एवढीच भीती होती, पाण्याने काठोकाठ भरलेला गडवा नेताना वाटते तशी…