लाल रंगातलं नाव

चिहारुने गाडीची काच दोन बोटं खाली केली, तोच मागच्या सीटवरून आवाज आला.

"अगं, लाव ती काच! फुलं झडतील."

चिहारुने काच लावली. गार हवेच्या बटणाला तर हात लावायचाच नव्हता, सासूबाईंचे, तोमिएबाईंचे, गुडघे धरतात. ऑगस्टचं ऊन, काडेपेटीएवढी पांढरी गाडी, आणि आत शेवंतीच्या जुड्या, उदबत्त्या, वांग्याचं लोणचं आणि तोमिएबाई. पाठीला घामाने कपडा चिकटला होता. दोन्ही बाजूंना भातखाचरं आणि मधून जेमतेम एक गाडी जाईल एवढाच रस्ता. मागे वळायचं म्हटलं तरी सोय नाही.

आज सांगायचंच होतं. सेन्दाई शहरात धाकट्या बहिणीचं, मिहोचं, जेवणाच्या डब्यांचं दुकान होतं, वरची खोली रिकामी होती, आणि पुढच्या महिन्यात चिहारु तिथे राहायला जाणार होती. कायमची. नवरा जाऊन तीन वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. उद्या ओबोनसाठी, पितरांच्या सणासाठी, नणंद सगळा गोतावळा घेऊन यायची होती. चारचौघांत हा विषय काढणं म्हणजे सासूला मान खाली घालायला लावणं. आणि आज सांगितलं नाही, तर मग जायचं राहिलंच, या वर्षी, पुढच्या वर्षी, असं करत.

"आई, मला जरा—"

"पुढे बघ, पुढे! कुरामोची येतोय."

शेजारच्या कुरामोचींचा छोटा ट्रक समोरून येत होता. चिहारुने गाडी मागे मागे घेत पाटाच्या कडेला लावली. कुरामोची निवांत पुढे आले आणि काचेला काच लावून थांबले. चिहारुला काच उतरवावीच लागली.

"काय तोमिएबाई, राणीसारख्या निघालात की! आमच्या सूनबाईंना म्हटलं थडगं धुवायला चल, तर म्हणे डोकं दुखतंय. चिहारुबाई, तुमच्यासारखी सून दिवा घेऊन शोधली तरी मिळायची नाही."

"दृष्ट लावू नकोस मेल्या," तोमिएबाई खूश होऊन म्हणाल्या. "आधी तो घाम पूस."

चिहारु हसली. हसून हसून गाल दुखले. ट्रक निघून गेला आणि तिने गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली. मागे सासूबाई बोलत होत्या: लोणच्यात यंदा मीठ जास्त पडलं, नणंदेच्या पोरांना कुठे झोपवायचं, पुढच्या उन्हाळ्यात छपराचं बघायला हवं. पुढच्या उन्हाळ्यात चिहारु इथे असणार नव्हती.

टेकडीवर देवदारांखाली गावाची थडगी होती. चिहारुने नळावर बादली भरली. एरवी पायरी पायरीला थांबणाऱ्या तोमिएबाई आज भराभर पुढे गेल्या होत्या.

"ये लवकर. बघ तरी!"

घराण्याच्या थडग्याशेजारी नावांची शिळा होती. त्यावर सासऱ्यांचं नाव, त्याला लागून तोमिएबाईंचं, लाल रंग भरलेलं. जिवंत माणसाच्या नावात लाल रंग भरतात, माणूस गेलं की तो खरवडून काढतात. सासरे गेले तेव्हा तोमिएबाई एकतीस वर्षांच्या होत्या. त्यांच्या सासूने तेव्हाच ते नाव कोरून घेतलं होतं. त्यापुढे योशिताका, चिहारुचा नवरा. आणि त्याला लागून, अगदी ताज्या लाल रंगात: चिहारु.

"कसं आलंय?" तोमिएबाई म्हणाल्या. "मागच्या आठवड्यात पाथरवट येऊन गेला. म्हटलं सांगायचं नाही, डोळ्यांनीच बघू दे. आता तुझी जागा पक्की हो!"

बादली हिंदकळून पाणी चिहारुच्या बुटात गेलं. चव्वेचाळिसाव्या वर्षी ती थडग्याच्या शिळेवर स्वतःचं नाव वाचत होती. असा संताप आला की कानशिलं तापली.

"मला विचारलंत का नाही?"

"यात काय विचारायचं?"

"आई, मी चाललेय. सेन्दाईला, मिहोकडे. परत यायची नाही."

सकाळपासून घोळवलेलं सगळं एका दमात निघालं. डोक्यावर झाडांतले सिकाडा किडे नुसते किंचाळत होते. तोमिएबाईंनी पळीने पाणी घेतलं आणि शिळेवर वरून सावकाश ओतलं. नवऱ्याच्या नावावर, मुलाच्या, चिहारुच्याही.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या.

"काय माहीत आहे?"

"जूनमध्ये मिहोचा फोन आला होता. तू शेतात होतीस. तिला वाटलं, तू मला सांगितलंच असशील. भारी बडबडी आहे तुझी बहीण."

"म्हणजे माहीत असून तुम्ही हे..."

"माहीत होतं म्हणूनच तर. पाथरवटाच्या हातापाया पडले, ओबोनच्या आत करून दे बाबा म्हणून. वाटलं, नाव दिसलं की तुझा पाय निघायचा नाही."

"लाज नाही वाटली तुम्हाला?" चिहारुचा आवाज फाटला. सासूशी ती असं कधी बोलली नव्हती. "दगडावर नाव कोरून माणूस थांबतं होय?"

तोमिएबाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्या स्वतःच्या नावात साचलेलं शेवाळ अंगठ्याच्या नखाने काढत होत्या.

"माझा पाय नव्हता निघाला," त्या म्हणाल्या, आणि पिशवीत उदबत्त्यांची पुडी शोधू लागल्या.