साठ किलो शिसं

धाकटीने आजवर अकरा होड्यांचे आराखडे केले होते, पण थोरल्या बहिणीच्या होडीचं काम अंगावर आलं तेव्हा तिच्या तोंडचं पाणी पळालं. परक्या गिऱ्हाइकाला नाही म्हणता येतं, ताईला कसं म्हणणार?

ताई आणि भावोजी नुकतेच निवृत्त झाले होते. भावोजींना शिडाची होडी हवी होती, पण त्यांच्या गाडीमागे ट्रेलरवर ओढून नेता येईल अशी. आज या तळ्यात, पुढच्या महिन्यात त्या खाडीत, आणि आत दोघांना आठवडाभर राहता आलं पाहिजे. ताईचा मात्र एकच प्रश्न होता.

"उलटली तर?"

आराखड्यातले बिछाने दाखवले, शेगडीची जागा दाखवली, तरी तिचं घोडं तिथेच अडलेलं.

"आडवी पडली तरी आपोआप उभी राहील गं. पोटाखाली शिशाचं जड पातं आहे ना."

"कागदावर काय, सगळंच उभं राहतं," ताई म्हणाली.

खरी पंचाईत पुढेच होती. भावोजींची गाडी जुनी, तिची ओढायची ताकद बेताची. धाकटीने वजनाची बेरीज केली तर ती मर्यादेबाहेर गेली. मग काटछाट सुरू झाली. प्लायवूड पातळ केलं, पाण्याची टाकी लहान केली, कपाटांची दारं काढून कापडी पडदे लावले. तरी भागेना, तेव्हा तिने मन घट्ट करून पात्यातलं साठ किलो शिसं कमी केलं. त्याची भरपाई म्हणून पातं वीतभर लांब केलं, म्हणजे उरलेलं शिसं जास्त खाली बसेल. हिशेब तीनदा केला आणि तिन्ही वेळा जमला. ताईला मात्र तिने यातलं अवाक्षर सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ताईने होडीत पाऊलही टाकलं नसतं. त्यानंतर कित्येक आठवडे रात्री डोळा लागला की तिला ती होडी उताणी दिसायची.

शेवटी परीक्षेचा दिवस उजाडला. होडी धक्क्याला लावली होती, आणि ती मुद्दाम आडवी पाडल्यावर आपोआप उठते का ते बघायला ताई आणि भावोजीही आले होते. आत माणसांच्या जागी वाळूची पोती बांधली होती. होडी बांधणाऱ्या सुताराने डोलकाठीच्या टोकाला दोर बांधला, तो धक्क्यावरच्या लोखंडी कडीतून ओवला आणि ओढायला घेतला. होडी कलत कलत पार आडवी झाली. डोलकाठीचं टोक पाण्याला टेकलं आणि शिसं भरलेलं पातं उघडं पडलं.

"सोडा!" धाकटी ओरडली.

सुताराने दोर सोडला. होडी हातभर उठली आणि तिथेच थांबली.

साठ किलो! धाकटीच्या डोक्यात दुसरं काही येईचना. भावोजींनी चित्रीकरण करायला धरलेला फोन हळूच खाली केला. होडी तशीच तिरकी थरथरत होती.

"अगं, होडीकडे काय बघत बसलीस? दोराकडे बघ!" ताई कडाडली. "ताठ आहे तो!"

आणि ते खरंच होतं. दोराच्या शेवटाला मारलेली गाठ कडीत जाऊन रुतली होती. सुताराने स्वतःलाच एक शिवी हासडली, गुडघ्यावर बसून सुरी काढली आणि दोर कापला. त्याबरोबर होडी पाणी झटकत उठली, दुसऱ्या बाजूला झुकली, पुन्हा इकडे आली आणि शांतपणे उभी राहिली.

धाकटी मटकन धक्क्यावरच बसली. हसू आवरेना आणि डोळ्यांतलं पाणीही थांबेना. त्या भरात तिने शिशाचं सगळं ओकून टाकलं.

ताईने कमरेवर हात ठेवले. "लहानपणापासून अशीच तू. पेपर कठीण गेला तरी निकाल लागेपर्यंत तोंड शिवलेलं."

"रागावलीस?"

"रागावलेय तर. घरी गेल्यावर बघते तुझ्याकडे." मग ती सुताराकडे वळली. "काका, पुन्हा पाडा. या वेळी दोर मी सोडते. आणि गाठबीठ मारू नका."

होडी पुन्हा आडवी झाली. ताईने डोळे मिटून दोर सोडला. उघडले तेव्हा होडी सरळ उभी होती.

"उठली की हो!" ती भावोजींना म्हणाली, जणू काही तेच आजवर शंका काढत होते.

आत जाऊन पाहिलं तर पेलाभर पाणी तेवढं आलं होतं. ताईने ते स्वतः फडक्याने टिपलं, एका बिछान्यावरच्या पोत्याची दोरी सोडून ते बाजूला ढकललं आणि पाय पसरून तिथे आडवी झाली.

"ऐसपैस आहे गं," तिचा आवाज आला.

धाकटी त्या दिवशी घरी गेली, जेवली आणि दिवसाउजेडीच झोपली. दुसऱ्या दिवशी सकाळी भावोजींचा फोन आला तेव्हा कुठे तिला जाग आली. ट्रेलर कुठल्या दिवशी जोडायचा, एवढंच त्यांना विचारायचं होतं.