राखलेलं पातेलं

माझा नवरा राजपाल यंदा बर्फात कामाला गेला. दर साली दिवाळी झाली की आम्ही दोघं ऊसतोडीला जातो. तो तोडतो, मी मोळ्या बांधते. त्या धंद्यात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. यंदा दसऱ्याच्या तोंडावर किशन झाला, मी घरी राहिले, आणि अर्ध्या कोयत्याला कोणताच मुकादम विचारत नाही. तेवढ्यात वाशीमचा एक ओळखीचा आचारी काश्मीरात गुलमर्गला चालला होता. तिथल्या हॉटेलांत थंडीभर माणसं लागतात म्हणाला. इंझोरीच्या पुढं आमचा बंजाऱ्यांचा तांडा आहे, तिथून आजवर कोणी बर्फ बघायलाही गेलं नव्हतं. राजपाल दोन स्वेटर घेऊन त्याच्यासोबत निघाला.

"होळीले घरीच हाये मी," जाताना तो म्हणाला.

यायलाच पाहिजे होतं. होळीला किशनचा धुंड होता. वर्षभरात ज्या घरी पोरगा झाला, त्या घरचा हा मान. लेकराला मांडीवर घेऊन बसतात, त्याच्या डोक्यावर काठ्या धरून गाणी म्हणतात. मग मैदानात खुंटे रोवून गुळाच्या गुलगुल्यांनी भरलेलं पातेलं त्यांना दोरानं लटकवून बांधतात. बायकांनी काठ्या घेऊन ते राखायचं आणि पुरुषांनी मार खात सोडवून न्यायचं. आमच्या तांड्यात सगळ्यात पुढं लेकराचा बाप असतो. मार सगळ्यात जास्त त्यालाच पडतो, आणि वर्षभर तो ते कौतुकानं सांगत फिरतो.

राजपालचा फोन यायचा तेव्हा आमची करमणूक व्हायची. तो सकाळी फावड्यानं पायऱ्यांवरचा बर्फ ओढायचा आणि दिवसभर पाहुण्यांच्या पायांत जड बूट चढवायचा. लोक पायांना लांब पट्ट्या बांधून डोंगरावरून घसरतात, पडतात, पुन्हा वर जाऊन पडतात, असं त्यानं सांगितलं. माझी सासू रुपाबाई, तिला मीही याडी, म्हणजे आईच म्हणते, फोनजवळ सरकली. मग तिनं विचारलं, पैसे पडणाऱ्याला मिळतात की पाडणाऱ्याला?

होळी तोंडावर आली आणि त्याचा आवाज बारीक झाला. उशिरा बर्फ पडला होता, हॉटेल भरलं होतं, मॅनेजर सोडत नव्हता. ऊसतोडीत असं होत नाही. कारखाना चालू असला तरी मुकादमाला माहीत असतं, की होळीला आमचा माणूस थांबत नसतो.

"येथच्या बर्फाले होळी समजत नाही, संगीता."

"मंग त्या बर्फाचाच धुंड करा," म्हणून मी फोन ठेवला. ठेवला आणि किशनला पोटाशी धरून रडले. राग होताच, पण त्याहून जास्त मला तो हवा होता. लेकराचा पहिला मान बापावाचून व्हावा, हे मला सहन होत नव्हतं.

सासरे मोहनसिंग म्हणाले, मी घेतो मांडीवर, लेकराला काय कळते. किशन त्यांच्या मांडीवर बसला, गाणी झाली. मग पातेलं बांधलं आणि पुरुष ओरडत आले. माझा दीर हेमला पुढं होता. दर साली बायका दोन-चार फटके मारून हसत बाजूला होतात. मी झाले नाही. काय अंगात आलं ठाऊक नाही, एकेकाला असा झोडला की हेमला दोर सोडून पळाला. बाकीच्या बायका थांबून माझ्याकडं बघायला लागल्या. तेव्हा याडीनं पदर खोचला, काठी उचलली आणि माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. मग सगळ्याच बायका उभ्या राहिल्या, आणि पुरुषांना पातेल्याला हात लावता आला नाही.

असं कधी झालंच नव्हतं. सगळेजण तांड्याच्या नाईकांकडं, सोमलाबाबांकडं गेले. त्यांनी मिशीवर हात फिरवला, माझ्याकडं पाहिलं, आणि निकाल दिला.

"पातेलं पुरुषाच्या हाती लागलं नाही, तं धुंड पुरा झाला नाही. राहू द्या बांधलेलं."

पातेलं मैदानात राहिलं. शिळे गुलगुले याडी गाईला घालायची आणि ताजे तळून भरायची. गावात जाणारे-येणारे विचारायचे, हे काय लटकवून ठेवलं? तांड्यातल्या बायका सांगायच्या, संगीताचा नवरा लटकून राह्यला.

हेमलानं सगळं मोबाइलवर काढून भावाला पाठवलं होतं. राजपालनं ते मॅनेजरला दाखवलं. एक बाई दहा पुरुषांना बडवते आहे, हे त्यानं म्हणे पुन्हा पुन्हा लावून पाहिलं. ही कोण, म्हणून विचारलं. माझी बायको, आणि हे माझ्यासाठी चाललंय, असं राजपालनं सांगितलं. मॅनेजर हसला आणि त्यानं त्याला सोडलं.

होळीनंतर काही दिवसांनी, एका दुपारी ऑटोतून तो उतरला तेव्हा मला ओळखूच आला नाही. थंडीतून येतोय म्हणजे गोरा होऊन येईल असं वाटलं होतं. पण बर्फावरच्या उन्हानं तोंड उसाच्या फडात होतं त्याहून काळं करपलेलं, नाक सोललेलं, आणि तिकडं लावायच्या काळ्या चष्म्यामुळं डोळ्यांभोवती तेवढं पांढरं राहिलेलं. घरी न येता तो सरळ मैदानात गेला. बायका काठ्या घेऊन धावल्या, पण पातेल्याजवळ मी पोहोचल्यावर मागंच थांबल्या.

त्यानं दोराला हात घातला आणि मी मारलं. खेळातलं नव्हे, खरं मारलं. पाठीवर, खांद्यावर, थंडीभराचं सगळं मारलं. त्यानं अंग चोरलं नाही. गाठ सोडली, पातेलं काखेत घेतलं, आणि याडीनं आणलेल्या किशनला दुसऱ्या हातानं उचललं. किशननं त्या पांढऱ्या डोळ्यांकडं पाहिलं आणि सोललेलं नाक मुठीत धरलं.

मी विचारलं, "पुढच्या साली कुठं जासान?"

"जिथं पुरा कोयता घेतीन, तिथं."

काठी माझ्या हातातच होती. मी ती याडीकडं दिली आणि पातेल्यातला एक गुलगुला काढून त्याच्या तोंडात कोंबला.